स्पेनमध्ये नोकरी न करता राहण्याचा परवाना: पैसा, कागद आणि त्यांचा क्रम

स्पेनच्या 'नॉन-ल्युक्रेटिव्ह' निवास परवान्याची मुख्य अट साधी आहे. स्वतःच्या पैशावर राहायचे आणि कोणतेही काम करायचे नाही. निवृत्त जोडपी, भाडे-व्याज-लाभांशावर घर चालणारे लोक आणि एखाद-दोन वर्षे थांबून मुलांना तिकडच्या शाळेत घालू इच्छिणारे पालक यांच्यासाठी तो आहे. घर विकत घेऊन मिळणारा 'गोल्डन व्हिसा' ३ एप्रिल २०२५ पासून स्पेनने बंद केला, त्यामुळे पूर्वी त्या वाटेने जाणारे बरेच लोकही आता याच रांगेत आले आहेत.

अर्ज नाकारला जातो तेव्हा पैसा कमी पडला असे क्वचितच असते. पैसा असतो, पण तो कुठून आला, दरवर्षी येणार का आणि त्यासाठी काम करावे लागते का, हे कागदांवरून अधिकाऱ्याला कळत नाही. पुढचा सगळा खटाटोप हे तीन प्रश्न सुटावेत म्हणून आहे.

आधी ठरवा, हा परवाना तुमचा आहे का

घरून लॅपटॉपवर काम करून पुण्यातल्या किंवा अमेरिकेतल्या कंपनीचा पगार घेत असाल, तर हा परवाना तुमचा नाही. 'काम स्पेनमधले नाही ना, मग चालते' असा सल्ला समाजमाध्यमांवर सर्रास मिळतो. त्यावर विसंबू नका. दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी २०२३ पासून वेगळा परवाना आहे आणि कॉन्सुलेट तुम्हाला तिकडे बोट दाखवते. सल्लागार म्हणून बिले देणारे, एलएलपीतले कार्यरत भागीदार आणि स्वतःच्या प्रायव्हेट लिमिटेडमधून पगार घेणारे संचालक यांचीही अडचण हीच. कंपनीत नुसते भाग असणे आणि त्यांचा लाभांश मिळणे चालते. संचालकपदाचा राजीनामा द्यायचा असेल तर अर्जाच्या आठवड्यात देऊ नका, काही महिने आधी द्या. म्हणजे बँकेच्या उताऱ्यात पगाराच्या नोंदी थांबलेल्या दिसतील.

गोव्यातल्या आणि मुंबईतल्या काही घरांत वेगळीच सोय असते. घरात एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल, तर ती व्यक्ती युरोपीय संघाची नागरिक आहे. तिला हा व्हिसा लागतच नाही. तीन महिन्यांहून जास्त राहायचे तर स्पेनमध्ये पोहोचून नोंदणी करायची आणि काम करणार नसेल तर पुरेसा पैसा व आरोग्यविमा दाखवायचा. तिच्या भारतीय जोडीदाराला 'संघ-नागरिकाचा कुटुंबीय' म्हणून पाच वर्षांचे कार्ड मिळते आणि त्यावर कामही करता येते. असे असताना नॉन-ल्युक्रेटिव्हच्या मागे लागणे म्हणजे सोपा रस्ता सोडून घाट चढणे.

किती पैसे दाखवायचे

मोजमाप आहे 'इप्रेम' नावाचा सरकारी निर्देशांक. २०२३ पासून तो महिना ६०० युरो आहे. मुख्य अर्जदाराला त्याच्या ४०० टक्के, म्हणजे महिना २,४०० किंवा वर्षाला २८,८०० युरो दाखवावे लागतात. सोबतच्या प्रत्येक कुटुंबीयामागे आणखी १०० टक्के, म्हणजे वर्षाला ७,२०० युरो. नवरा-बायको असतील तर ३६,००० आणि दोन मुले धरली तर ५०,४००. युरो शंभर रुपयांचा धरला तर जोडप्याला ३६ लाख रुपये झाले. अर्ज करायच्या दिवशी इप्रेमचा आकडा पुन्हा तपासा, आणि विनिमय दर वर-खाली होतो म्हणून १५-२० टक्के जास्तच दाखवा. अट युरोत आहे. रुपया घसरला की तुमची रक्कम आपोआप कमी पडते.

हे पैसे दोन तऱ्हांनी दाखवता येतात. नियमित उत्पन्न किंवा साठलेली रक्कम. निव्वळ व्याजावर ३६ लाख काढायचे तर सात टक्क्यांनी पाच कोटींच्या वर ठेवी लागतात, म्हणून बहुतेक अर्जांत दोन्हींचा मेळ असतो. थोडे भाडे, थोडे निवृत्तिवेतन आणि उरलेली खिंड भरायला ठेवी. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. पहिला परवाना एका वर्षाचा असतो, पण नूतनीकरण त्याहून जास्त मुदतीचे असते आणि त्या सगळ्या मुदतीला पुरेल इतका पैसा दाखवावा लागतो. पहिल्या वर्षापुरती पुंजी गोळा करून निघालेले लोक अडकतात ते बाराव्या महिन्यात.

कोणता पैसा धरला जातो आणि कोणता नाही, हे नीट बघा. मुदत ठेवी आणि बचत खाते उत्तम. म्युच्युअल फंडांचे एकत्रित विवरण चालते, सोबत ते हवे तेव्हा मोडता येतात हे दिसले पाहिजे. पीपीएफमधली शिल्लक कागदावर छान दिसते, पण मुदत संपेपर्यंत ती बहुतांश कुलूपबंद, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नका. फ्लॅटची बाजारकिंमत, शेतजमीन आणि सोने यांना जवळपास शून्य वजन. फ्लॅटचे भाडे मात्र पक्के धरले जाते, नोंदणीकृत भाडेकरार असेल आणि ते बँकेत जमा होत असेल तरच. रोख भाडे घेत असाल तर ते मोजणीत नाही असेच समजा.

सोबत जोडायचे:

- मागच्या सहा ते बारा महिन्यांचे खातेउतारे, बँकेच्या सही-शिक्क्यासह
- शिल्लक आणि खाते कधीपासून आहे हे सांगणारे बँकेचे पत्र
- तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे
- निवृत्तिवेतनाचा आदेश, भाडेकरार, लाभांशाच्या नोंदी, जे लागू असेल ते
- सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र, ज्यात उत्पन्नाचे स्रोत आणि रकमा एका तक्त्यात असतील

अर्जाच्या आधी तीन आठवडे सासऱ्यांकडून पंचवीस लाख खात्यात आले, तर ते उसने आणलेले दिसतात, आणि बहुतेकदा असतातही. घर विकून आलेली रक्कम असेल तर नोंदणीकृत विक्रीखत जोडा. बक्षीसपत्र असेल तर तेही आणि देणाऱ्याचा उतारा सुद्धा. संयुक्त ठेवीत अर्जदाराचे नाव पहिले असावे. दुसरे नाव भारतात राहणाऱ्या भावाचे असेल तर निम्मीच रक्कम तुमची समजली जाण्याची शक्यता धरा.

आरोग्यविमा, आणि साठीनंतरची अडचण

भारतातली मेडिक्लेम पॉलिसी चालत नाही, प्रवासविमाही चालत नाही. स्पेनमध्ये व्यवसाय करण्याची परवानगी असलेल्या कंपनीचाच विमा हवा. सानितास, आदेस्लास, असिसा, डीकेव्ही, माफ्रे ही त्यातली नेहमीची नावे. पॉलिसीत दोन शब्द शोधा: 'सिन कोपागो', म्हणजे प्रत्येक भेटीला खिशातून वाटा द्यावा लागू नये, आणि 'सिन कारेन्सिया', म्हणजे प्रतीक्षाकाळ नसावा. स्वस्त पॉलिसी हमखास कोपागोवाली असते आणि अर्ज तिथेच अडतो. विमा पूर्ण वर्षाचा घ्या. व्हिसा नाकारला गेल्यास हप्ता परत मिळेल का, हे लेखी विचारून घ्या.

मधुमेह, हृदयविकार किंवा सत्तरीच्या पुढचे वय असेल तर सगळ्यात आधी हीच पायरी घ्या, बाकीच्या कागदांवर पैसे घालवण्यापूर्वी. अनेक कंपन्या वयाची मर्यादा ठेवतात, काही जुना आजार वगळतात, काही सरळ नाही म्हणतात. आजार लपवू नका. दाव्याच्या वेळी ते उघडे पडते. स्पेनमध्ये नोंदणीकृत वास्तव्याचे एक वर्ष झाले की 'कोन्वेनियो एस्पेसिआल' नावाने सरकारी आरोग्यसेवा पैसे भरून घेता येते. ६५ वर्षांच्या आतील व्यक्तीला महिना ६० युरो, त्यापुढे १५७ युरो. जुन्या आजारांसाठी नकार नाही, मात्र औषधांवर सवलत मिळत नाही.

पोलीस, डॉक्टर, अपोस्टिल, भाषांतर: क्रम चुकवू नका

प्रत्येक प्रौढाला पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट (पीसीसी), म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याचा दाखला लागतो. मागच्या पाच वर्षांत जिथे जिथे राहिलात त्या प्रत्येक देशाचा. भारताचे पीसीसी पासपोर्ट सेवा केंद्रातून घ्या, अर्जात देश 'स्पेन' लिहा. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर पोलीस पडताळणी नव्याने होते आणि तिथेच आठवडे जातात.

मग अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात मान्य होणारा शिक्का. तो ज्या आंतरराष्ट्रीय करारानुसार देतात, त्यात भारत २००५ पासून आहे. पासपोर्ट कार्यालयाने दिलेले पीसीसी थेट परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलला जाते. जन्म आणि विवाह प्रमाणपत्राला मात्र आधी राज्य शासनाचे साक्षांकन लागते, मगच मंत्रालयाचा शिक्का. अपोस्टिलसाठी कागद मंत्रालयाने नेमलेल्या संस्थांकडे द्यावे लागतात. सरकारी शुल्क किरकोळ असते, संस्थेचा सेवाखर्च वेगळा. एखादा एजंट एका कागदाचे पाच-सहा हजार सांगू लागला तर दुसरीकडे विचारा.

अपोस्टिल झाल्यावरच भाषांतर. उलटे केले तर अपोस्टिलचा मजकूर भाषांतराबाहेर राहतो आणि कागद परत येतो. भाषांतर स्पॅनिशमध्ये, आणि तेही स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून, ज्याला 'त्रादुक्तोर हुरादो' म्हणतात. बहुतेक जण स्कॅन पाठवून घरबसल्या करून घेतात. फक्त मराठीत असलेले जुने जन्म प्रमाणपत्र असेल तर आधी महापालिकेकडून द्विभाषिक किंवा इंग्रजी प्रत काढा. शाळा सोडल्याचा दाखला जन्मदाखल्याच्या जागी चालत नाही. बँक उताऱ्यांच्या भाषांतरावर भरपूर खर्च होतो, म्हणून कोणत्या पानांचे भाषांतर हवे हे आधी विचारून घ्या.

वैद्यकीय प्रमाणपत्रात मजकूर ठरलेला आहे: अर्जदाराला २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार सार्वजनिक आरोग्याला गंभीर धोका ठरू शकेल असा कोणताही आजार नाही. 'फिट टू ट्रॅव्हल' लिहिलेला कागद निरुपयोगी. ओळीच्या ओळी छापून डॉक्टरांकडे न्या आणि सही, शिक्का, नोंदणी क्रमांक घ्या. हा कागद तीन महिने चालतो, पीसीसी सहा महिने. म्हणून आधी पीसीसी, त्याचे अपोस्टिल, भाषांतर, आणि डॉक्टर सगळ्यांत शेवटी.

नावांची भानगड आपल्याकडे विशेष. पासपोर्टवर माहेरचे नाव, विवाह प्रमाणपत्रावर सासरचे, बँकेत मधले नाव गाळलेले. मधले नाव म्हणून वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव लावायची आपली रीत स्पेनमध्ये कोणाला ठाऊक नसते, तिथे माणसाला दोन आडनावे असतात. एकाच व्यक्तीची तीन नावे दिसली तर अधिकारी तीन माणसे समजतो. शक्य तेवढे कागद पासपोर्टप्रमाणे करून घ्या. बाकीच्यांसाठी 'ही एकच व्यक्ती' असे प्रतिज्ञापत्र करा, त्यालाही अपोस्टिल आणि भाषांतर लागेल.

अर्ज

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या रहिवाशांचा अर्ज मुंबईच्या स्पॅनिश कॉन्सुलेटकडे जातो, भारतात स्पेनसाठीचे अर्ज स्वीकारण्याचे काम बीएलएस इंटरनॅशनलकडे आहे. दुबईत राहणाऱ्याने सुट्टीत घरी येऊन मुंबईत अर्ज करायचा नसतो. जिथे कायदेशीर वास्तव्य आहे तिथल्या कॉन्सुलेटकडे जायचे. संयुक्त अरब अमिरातीत अपोस्टिल नाही, तिथल्या कागदाला मंत्रालय आणि कॉन्सुलेट असे दुहेरी प्रमाणीकरण लागते, तेवढा वेळ हातात ठेवा.

प्रत्येक व्यक्तीचा वेगळा संच: राष्ट्रीय व्हिसाचा अर्ज, निवास परवान्याचा ईएक्स-०१ नमुना, ७९० मालिकेतला ०५२ क्रमांकाचा शुल्क-नमुना, फोटो, किमान वर्षभर वैध पासपोर्ट आणि वर सांगितलेले सगळे. मुलांसाठी जन्म प्रमाणपत्र, आणि एकच पालक जात असेल तर दुसऱ्याची नोटरी केलेली संमती. सोबत एक पानी पत्र स्पॅनिशमध्ये जोडा: का जायचे, कोणत्या शहरात, पैसा कुठून येतो आणि काम करणार नाही. 'संधी मिळाली तर छोटा व्यवसाय बघू' असे त्यात अजिबात लिहू नका. लोक लिहितात.

निर्णयाला कायद्याने तीन महिने आहेत. मध्येच जादा कागद मागितले तर दिलेल्या मुदतीतच द्या, मुदत चुकली की फाइल बंद. नकार आला तर एका महिन्यात त्याच कॉन्सुलेटकडे फेरविचार मागता येतो, किंवा दोन महिन्यांत माद्रिदच्या उच्च न्यायालयात जाता येते. कागदाची चूक असेल तर न्यायालयापेक्षा नवा, दुरुस्त अर्ज बहुधा लवकर निकालात निघतो. मंजुरी आल्यावर व्हिसा एका महिन्यात उचला.

निघण्यापूर्वी भारतातले पैसे

भारताचे रहिवासी असताना रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. वर्षाला १० लाख रुपयांपुढे पाठवलेल्या रकमेवर बँक सर्वसाधारण कारणांसाठी २० टक्के टीसीएस (आगाऊ गोळा केला जाणारा आयकर) कापते. तो कर विवरणपत्रात परत मागता येतो, पण महिनोन्महिने अडकतो. दोघांच्या नावे आणि ३१ मार्चच्या दोन्ही बाजूंना विभागून पाठवले तर भार हलका होतो. दीर्घ मुक्कामासाठी देश सोडला की तुम्ही अनिवासी ठरता, बचत खाते एनआरओ (अनिवासींचे रुपयातले खाते) करून घ्यावे लागते आणि ही योजना तुमच्यासाठी संपते. त्यानंतर एनआरओमधून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत पाठवता येते, सीएच्या प्रमाणपत्रासह.

स्पेनचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. एका वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की पूर्ण वर्षाचे करनिवासी, आणि जगभरच्या उत्पन्नावर कर. वर्षाचे दोन तुकडे करण्याची सोय तिथे नाही. म्हणून जुलैच्या मध्यानंतर पोहोचणे बहुतेकांना फायद्याचे ठरते. कुटुंब किंवा आर्थिक व्यवहार आधीच स्पेनमध्ये असतील तर मात्र हा हिशोब लागू नाही.

भारतात करमुक्त ते स्पेनमध्येही करमुक्त, असे नाही. पीपीएफचे व्याज आणि शेतीचे उत्पन्न ही ठळक उदाहरणे. भारतात कर भरलेला नसल्यामुळे दुहेरी कर टाळण्याच्या कराराखाली वजावटीलाही काही उरत नाही. व्याज, लाभांश आणि भांडवली नफ्यावर स्पेनचे दर १९ पासून ३० टक्क्यांपर्यंत चढतात. पंधरा वर्षांपूर्वी घेतलेले फंड तिथे गेल्यावर विकले तर सगळ्या पंधरा वर्षांचा नफा धरला जातो, निवासी झालात त्या दिवसापासूनचा नव्हे. विकायचेच असेल तर आधी विका. सरकारी निवृत्तिवेतनाला करारात वेगळे कलम आहे, ते सल्लागाराकडून वाचून घ्या.

शिवाय परदेशातली बँकखाती, गुंतवणूक किंवा स्थावर मालमत्ता यांपैकी कोणत्याही गटात ५०,००० युरोंपेक्षा जास्त असेल तर पुढच्या वर्षी ३१ मार्चपर्यंत 'मोदेलो ७२०' हा परदेशी मालमत्तेची माहिती देणारा नमुना भरावा लागतो. पुण्यातला एक साधा फ्लॅटसुद्धा यात येतो.

पोहोचल्यावरचे पहिले तीस दिवस

घर भाड्याने घेताना घरमालक स्पेनमधली पगारपत्रके मागतात, ती तुमच्याकडे नसणारच. कायद्याने एक महिन्याची 'फियान्सा' ठरलेली आहे, शिवाय नेहमीच्या निवासी करारात दोन महिन्यांपर्यंत जादा हमी मागता येते. वर सहा महिन्यांचे आगाऊ भाडे मागणारेही भेटतात. निवासी करारात दलालाचा मोबदला २०२३ च्या गृहनिर्माण कायद्यापासून घरमालकाने द्यायचा आहे, तरी 'प्रशासकीय खर्च' या नावाखाली तो भाडेकरूच्या गळ्यात मारायचा प्रयत्न होतो. मालक नगरपालिकेतल्या पत्तानोंदणीला तयार आहे का, हे सही करण्यापूर्वी विचारा. ती नोंदणी म्हणजे 'एम्पाद्रोनामिएंतो', आणि पुढची जवळपास सगळी कामे तिच्यावर टांगलेली.

पोहोचल्यापासून एका महिन्यात 'टीआयई' या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा. नमुना ईएक्स-१७, शुल्क-नमुना ७९०-०१२ बँकेत भरलेला, फोटो, पासपोर्ट आणि पत्तानोंदणीचा ताजा दाखला. पोलीस कार्यालयाची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि माद्रिद, बार्सिलोना, मालागा इथे ती मिळता मिळत नाही. विमानाचे तिकीट काढल्या दिवसापासून रोज बघत राहा, त्याच प्रांतातले लहान गाव निवडून पाहा आणि जागा दिसली नाही त्या पानांचे तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. वेळा विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. बोटांचे ठसे दिल्यावर पावती मिळते, कार्ड सुमारे महिना-दीड महिन्यात.

गाडी चालवणाऱ्यांसाठी एवढेच: भारतीय परवाना निवासी झाल्यावर सहा महिने चालतो, नंतर अदलाबदल होत नाही, तिथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा नव्याने द्यावी लागते.

नूतनीकरण

कार्डाची मुदत संपण्यापूर्वीच्या दोन महिन्यांत अर्ज करा. संपल्यानंतरही तीन महिने दार उघडे असते, पण दंडाचा धोका पत्करून. पुन्हा पैसा, पुन्हा विमा आणि शाळेच्या वयाच्या मुलांसाठी शाळेचा दाखला. ६ ते १६ वर्षे शिक्षण सक्तीचे आहे, त्यामुळे मुलगा भारतात आजीकडे राहून शिकतोय हे उत्तर तिथे चालणार नाही. एक वर्ष झाल्यावर हा परवाना कामाच्या परवान्यात बदलून मागता येतो, अर्थात नोकरी किंवा व्यवसायाचा आराखडा हातात असेल तर.

पाच वर्षे सलग झाली की दीर्घकालीन निवास. त्या पाच वर्षांत एकूण गैरहजेरी दहा महिन्यांपेक्षा आणि एका दमात सहा महिन्यांपेक्षा जास्त नको. दरवर्षी गणपती ते दिवाळी गावी आणि मुलीच्या बाळंतपणाला चार महिने अमेरिकेत, असा बेत असेल तर हे दहा महिने तीन वर्षांतच संपतात. पासपोर्टवरचे शिक्के एका वहीत तारखेवार उतरवून ठेवा. नागरिकत्वाला भारतीयांना दहा वर्षे लागतात आणि ते घेतले की भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, मग ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचे कार्ड. बहुतेकांना त्याची गरजच पडत नाही.